यंत्राचे नाव आणि यंत्राचे आयुष्य

वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आले, तेव्हा भांडी धुण्याच्या यंत्रावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. करासह पंचेचाळीस हजार रुपयांना मिळणारे यंत्र त्यामुळे, विक्रेत्याने सारी सवलत प्रामाणिकपणे गिऱ्हाइकाच्या पदरात टाकली असे धरल्यास, सुमारे साडेतीन हजार रुपयांनी स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत धुणीभांडी करणाऱ्या बायांचे येणे एकाएकी थांबले आणि तोवर केवळ श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात शोभणारे हे यंत्र मध्यमवर्गीयांच्या चर्चेत आले. ती चर्चा टाळेबंदी उठल्यावरही थांबलेली नाही. नवराबायको दोघेही नोकरीला जाणारी घरे वाढली आहेत, आणि रात्री दहा वाजता मोरीत साचलेला भांड्यांचा ढीग कोणी उपसायचा हा प्रश्न आजही बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतो. तेव्हा हे यंत्र चैनीचे की गरजेचे, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. ज्यांनी ते घ्यायचे ठरविले आहे त्यांच्यापुढे दुसराच प्रश्न उभा असतो. कोणते घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी एखादे शिक्षक-कारकून जोडपे दुकानात जाते. बॉश, सीमेन्स, आयएफबी, एलजी, व्होल्टास बेको अशी नावे एका ओळीत मांडलेली असतात. विक्रेता माहिती सांगण्यात कुचराई करीत नाही. यात बारा जणांची भांडी मावतात, त्यात चौदा जणांची; याचे आठ प्रकारचे कार्यक्रम, त्याचे सहा; याचा आवाज इतके डेसिबल, त्याचा तितके; हे यंत्र भ्रमणध्वनीवरून सुरू करता येते. जोडप्याला विचारायचे असते एवढेच, की यातले दहा वर्षे बिनतक्रार चालेल असे कोणते? त्यावर उत्तर येते, "साहेब, कंपनी चांगली आहे." महिन्याभराचा पगार ज्या वस्तूवर खर्च व्हायचा, तिच्याविषयीच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाला मिळणारे हे उत्तर आहे. त्यात विक्रेत्याचा लबाडपणा असतोच असे नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसते.

न दिसणारा गुण

वस्तूचे काही गुण विकत घेण्यापूर्वी पारखता येतात, काही वापरल्यावरच कळतात, हा भेद फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडला. लुगड्याचा रंग दुकानातच दिसतो. आंब्याची गोडी घरी आणून कापल्यावर कळते. पण आंबा आंबट निघाला तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाड्यावर जाता येते. भांडी धुण्याच्या यंत्राचा टिकाऊपणा कळायला आठदहा वर्षे लागतात, आणि कळतो तेव्हा त्या ज्ञानाचा उपयोग उरलेला नसतो. कारण तोवर तो नमुना बाजारातून गेलेला असतो आणि त्याच नावाखाली दुसरेच यंत्र विकले जात असते.

त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हा निबंध होता. त्याचे सार असे, की विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सरासरी प्रतीचीच किंमत द्यायला तयार होतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल हळूहळू बाजारातून उठून जातो. नव्या यंत्रांच्या बाबतीत हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण कित्येकदा उत्पादकालाही आपल्या यंत्राचे आयुष्य नेमके सांगता येत नसते. तरीही त्यातला दंश येथेही जाणवतो. पाणी उपसणारा पंप अधिक मजबूत बसविला तर तो गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे तो देत नाही. दरवाजाला चकचकीत पोलादी पत्रा लावला, आत दिवा बसविला, तर तो दिसतो आणि त्याचे पैसे मिळतात. उत्पादकाने आपला खर्च कोठे करावा हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एका लोकप्रिय समजुतीचाही समाचार घेणे बरे. पूर्वीच्या वस्तू टिकाऊ असत, आताच्या मुद्दाम कच्च्या केल्या जातात, असे घरोघर ऐकू येते. आजीच्या काळचा पंखा अजून फिरतो हा त्याचा पुरावा. पण त्या काळचे जे पंखे पाचव्या वर्षी भंगारात गेले ते आज कोणाला दिसत नाहीत, म्हणून ते हिशेबातही येत नाहीत. उरलेल्यांकडे पाहून गेलेल्यांविषयी निष्कर्ष काढण्याची ही चूक, सुशिक्षितही सर्रास करतात. महाजालावरील खरेदीच्या ठिकाणी दिल्या जाणाऱ्या तारकांची गत याच्या उलट आहे. बहुसंख्य अभिप्राय यंत्र बसविल्यापासून पंधरवड्याच्या आत लिहिलेले असतात. माल वेळेवर आला, बसविणारा माणूस नम्र होता, पहिल्या खेपेस पेले लख्ख निघाले, म्हणून पाच तारका. लग्नाच्या मांडवातून संसाराविषयी अभिप्राय द्यावा, तसलाच हा प्रकार.

नावाची जामीनकी

यावर मुक्त बाजाराचे समर्थक एक उत्तर देतात, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. बेंजामिन क्लाइन आणि कीथ लेफ्लर यांनी १९८१ साली असे प्रतिपादन केले, की नामांकित ब्रँडला गिऱ्हाईक जी जास्त किंमत देते ती एक प्रकारची अनामत असते. कंपनीने वाईट माल विकला तर नाव जाते, आणि नावाबरोबर ही जादा मिळकतही जाते. त्या भीतीने कंपनी सचोटीने वागते. चहा, साबण, दंतमंजन यांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. चहाची एक पुडी बेचव निघाली तर महिनाभरात गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि कंपनीला शिक्षा लागलीच मिळते.

भांडी धुण्याचे यंत्र मात्र माणूस आयुष्यात दोनदा, फार तर तीनदा घेणार. आजच्या दुर्लक्षाची शिक्षा दहा वर्षांनी मिळायची असेल तर तिचा धाक कितीसा राहणार? शिवाय दहा वर्षांनी त्या नावाचा मालक तोच असेल याची शाश्वती नाही. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाने घेतल्या जाणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती यंत्रांचा व्यवसाय २०१६ साली चीनच्या हायर कंपनीकडे गेला. यंत्रांवरचे नाव तेच राहिले. व्हर्लपूलने २००६ साली मेटॅग विकत घेतली, २०१४ साली इटलीच्या इंडेसिटचा ताबा घेतला, आणि २०२४ साली आपला युरोपातील व्यवसाय तुर्कस्तानच्या आर्चेलिक कंपनीबरोबरच्या नव्या संस्थेत विलीन केला. बॉश आणि सीमेन्स ही दोन नावे दुकानात एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून शेजारी उभी असतात. पण घरगुती यंत्रांपुरती दोन्ही १९६७ साली स्थापन झालेल्या एकाच कंपनीची अपत्ये आहेत, आणि २०१५ पासून ती कंपनी संपूर्णपणे बॉशच्या मालकीची आहे. नेफ आणि गागेनाउ हीही त्याच घरातली नावे. म्हणजे पाच नावांची तुलना करतो असे ज्याला वाटते, तो कधीकधी तीन कारखान्यांचीच तुलना करीत असतो. व्होल्टास बेको हे नावदेखील २०१७ साली टाटा समूहातील व्होल्टास आणि तीच आर्चेलिक यांच्या करारातून जन्माला आले.

याला सन्माननीय अपवाद आहेत. जर्मनीतील मीले ही १८९९ साली स्थापन झालेली कंपनी अजूनही संस्थापकांच्या दोन कुटुंबांच्या हाती आहे. वीस वर्षांच्या वापराइतकी कसोटी लावून यंत्रे तपासल्याचे ती सांगते आणि त्या मानाने किंमतही लावते. ज्या कुटुंबाचे आडनाव दारावर कोरलेले आहे त्याला वीस वर्षांनंतरची अब्रू मोलाची वाटते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ती किंमत प्राध्यापकाच्याही खिशाबाहेरची, मग कारकुनाची गोष्ट कशाला?

यंत्र तेच, पाणी निराळे

ब्रँडच्या तुलनेत एक गोष्ट सहसा मोजलीच जात नाही, आणि महाराष्ट्रात ती फार महत्त्वाची आहे. भांडी धुण्याचे यंत्र पाणी तापवून ते दाबाने भांड्यांवर फेकते. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील तर तापविताना ते सुटून बसतात. स्टोव्हवरच्या पातेल्याच्या बुडाशी जी पांढरी खपली धरते तीच येथे तापकावर, फवाऱ्याच्या छिद्रांत आणि झडपांवर धरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. किती मोठी ही तफावत! भातसा-तानसा-वैतरण्याचे पाणी पिणारी मुंबई आणि खडकवासल्याच्या पाण्यावरचे जुने पुणे यांत यंत्राला फारसा त्रास नाही. पण त्याच पुण्याच्या सीमेवर टँकर आणि बोअरवेलवर जगणाऱ्या नव्या इमारती आहेत, सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या दगडातून उपसलेले पाणी आहे. तेथे तेच यंत्र, त्याच कारखान्यातले, त्याच महिन्यात बनलेले, निराळ्या आयुर्मानाचे ठरते.

याची सोय यंत्रात केलेली असते. पाणी मऊ करणारी राळ क्षार धरून ठेवते आणि तिला पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी खास जाडे मीठ घालावे लागते. परंतु पाणी किती कठीण आहे हे मोजून यंत्राचा काटा त्या मापावर लावणे, आणि स्वयंपाकघरातले आयोडीनयुक्त मीठ त्यात न ओतणे, ही कामे यंत्र बसवायला येणाऱ्याने दहा मिनिटे खर्चून समजावून द्यायची असतात. तो घाईत असतो. दोन वर्षांनी तापक जळतो आणि दोष ब्रँडच्या माथी बसतो; किंवा हमीपत्रातील बारीक अक्षरांकडे बोट दाखवून कंपनी तो पाण्याच्या माथी मारते. गाळणीत अडकलेला भाताचा शिताड आणि फोडणीचा कढीपत्ता यांचीही गोष्ट तशीच. विश्वासार्हता हा केवळ यंत्राचा गुण नव्हे. यंत्र, पाणी, बसविणारा, वापरणारा आणि सुटा भाग आणून देणारा, या साखळीचा तो गुण आहे. आणि साखळीतली सर्वांत कच्ची कडी कारखान्यापासून फार दूर, बहुधा तालुक्याच्या गावी असते.

अंश आणि छेद

किंमत वाजवी की महाग, हे आयुष्याने भागल्यावाचून ठरत नाही. समजा, एक यंत्र छत्तीस हजारांचे असून सहा वर्षे चालले. वर्षाला सहा हजार पडले. दुसरे पन्नास हजारांचे असून दहा वर्षे चालले. वर्षाला पाच हजारच पडले. महागडे स्वस्त निघाले. पण त्याच दुसऱ्या यंत्रात सातव्या वर्षी बारा हजारांचा इलेक्ट्रॉनिक फलक बदलावा लागला, तर दहा वर्षांत बासष्ट हजार खर्च झाले, म्हणजे वर्षाला सहा हजार दोनशे, आणि सारा फायदा धुऊन निघाला. तोच फलक चार हजारांना मिळता तर फायदा टिकला असता. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मुद्दा असा, की या भागाकारातला अंश किमतीच्या चिठ्ठीवर ठळक छापलेला असतो, आणि छेद कोठेच छापलेला नसतो. सुट्या भागांचे दरपत्रक मागणारे गिऱ्हाईक तर दुकानात वेड्यात काढले जाते.

हमीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. उत्पादकाने मूळ किमतीतच दीर्घ मुदतीची हमी दिली तर ती त्याच्या आत्मविश्वासाची खूण मानता येते, कारण कच्चे यंत्र विकणाऱ्याला ती परवडणार नाही. दुकानदार वेगळे पैसे घेऊन विकतो ती वाढीव हमी मात्र विमा आहे. तिच्यावरून यंत्राविषयी काहीच कळत नाही, विकणाऱ्याच्या नफ्याविषयी थोडेसे कळते. शिवाय हमी कशावर, हेही पाहावे. आतल्या पोलादी टाकीवर दहा वर्षे आणि पंप, तापक, फलक यांच्यावर दोनच वर्षे, अशी हमी म्हणजे छत्रीच्या दांड्यावर दहा वर्षे आणि कापडावर एक पावसाळा.

इतरांनी काय केले

माहितीची ही उणीव एकेकट्या गिऱ्हाइकाच्या हुशारीने भरून निघणारी नाही, हे पाश्चात्त्य देशांनी फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांची एक संघटना स्थापन झाली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे तिचे नियतकालिक जाहिराती घेत नाही, तपासणीसाठीची यंत्रे दुकानातून पैसे मोजून आणते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हजारो सभासदांना विचारते, की तुमचे यंत्र कोणत्या वर्षी घेतले आणि त्यात काय बिघडले? त्या उत्तरांतून प्रत्येक ब्रँडचा बिघाडाचा अंदाज काढला जातो. मीले व बॉश यांची नावे अशा पाहण्यांत बहुधा वरच्या बाजूला आढळतात, ही माहिती तेथील एखाद्या शाळामास्तरालाही उपलब्ध असते. जर्मनीत १९६४ साली संसदेच्या निर्णयाने याच कामासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली.

युरोपीय संघाने याही पुढे पाऊल टाकले. मार्च २०२१ पासून तेथे भांडी धुण्याच्या यंत्राच्या उत्पादकाला पंप, मोटर, तापक यांसारखे भाग त्या नमुन्याचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतरही किमान सात वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना पुरवावे लागतात. दरवाजाचे रबर, फवारे, गाळण्या, जाळीचे कप्पे हे भाग दहा वर्षे, आणि तेही थेट गिऱ्हाइकाला. मागणी नोंदविल्यापासून पंधरा कामकाजी दिवसांत भाग पोचला पाहिजे, असे बंधन आहे. फ्रान्सने नोव्हेंबर २०२२ पासून या यंत्रांवर, ते दुरुस्त करणे किती सोपे, याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे ते गुण किमतीच्या शेजारीच दिसतात. या उपायांनी किंमती थोड्या चढतात असा आक्षेप घेतला जातो. तो खराही असेल. पण न दिसणारा खर्च दिसू लागला, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्याकडची उणीव

भारतात कायदा नाही असे नव्हे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा, दोहोंनी मालाचा दर्जा व प्रत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगापुढे शुल्कही लागत नाही. पण हा उपाय यंत्र बिघडल्यानंतरचा आहे, आणि चार हजारांच्या पंपासाठी तारखांमागून तारखा घेणारा मास्तर विरळा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. त्यामागचा हेतू स्तुत्य आहे. तथापि कंपन्यांनी आपण होऊन द्यावी त्या माहितीवर ते उभे आहे. सुटा भाग किती वर्षे आणि काय दराने मिळेल हे सांगण्याची सक्ती त्यात नाही.

सक्ती केली तर काय होते हे आपण एकदा पाहिले आहे. शीतकपाट किती वीज खाते हा गुणही पूर्वी असाच अदृश्य होता. २००६ साली वीजबचतीच्या तारकांची योजना आली, आरंभी ऐच्छिक; जानेवारी २०१० पासून दंव न धरणाऱ्या शीतकपाटांना आणि वातानुकूलन यंत्रांना ती सक्तीची झाली. आज खेड्यातला ग्राहकही किती तारका म्हणून विचारतो. मग सुटे भाग किती वर्षे मिळतील, पंप आणि फलक यांची आजची किंमत किती, आणि जवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र कोणते, या तीन ओळी त्याच चिठ्ठीवर छापायला कोणती तांत्रिक अडचण आहे? करात दहा टक्क्यांची सूट देताना सरकारला ही अट घालता आली असती. ती संधी गेली.

सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. मुंबईत १९६६ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन झाली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत. शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र घेण्याची पंचायतीची पद्धत मुंबई-ठाण्यातील हजारो घरांना परिचित आहे. अशा संघांतून वर्षाकाठी एक साधी पाहणी झाली, कोणते यंत्र, कोणत्या वर्षी घेतले, पाणी नळाचे की बोअरचे, काय बिघडले, भाग किती दिवसांत आणि काय किमतीला आला, तर पाच वर्षांत महाराष्ट्रापुरता असा तक्ता तयार होईल, जो कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत सापडणार नाही. याहून सोपी जागा म्हणजे शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या पतपेढ्या. घरगुती वस्तूंसाठी त्या कर्ज देतात तेव्हा यंत्राचे बिल अर्जाला जोडलेले असते, म्हणजे नाव, नमुना आणि तारीख त्यांच्या कपाटात आधीच पडून आहे. कर्जाचा शेवटचा हप्ता भरायला सभासद येतो त्या दिवशी त्याला एक प्रश्न अधिक विचारायचा: यंत्र चालू आहे का?